‘रुपयाचा प्रश्न’ आणि वर्धेचे दोन कांठ

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’, म्हणजे ‘रुपयाचा प्रश्न’, हा ग्रंथ सन १९२३ मध्यें लंडन येथें पी. एस. किंग अँड सन या प्रकाशकांनीं प्रसिद्ध केला. त्यास आतां शंभरांहून अधिक वर्षें झालीं. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज करण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. एक प्रयोजन असें कीं, जुन्या कागदांचे व नाण्यांचे संग्राहक हा ग्रंथ अर्थशास्त्राचा समजून बाजूस ठेवतात. वस्तुतः त्याचें पहिलें प्रकरण आपल्याच विषयाचें आहे. दुसरें असें कीं, युरोपांतील राष्ट्रांनीं आपापलीं नाणीं मोडून ‘युरो’ हें एकच नाणें पत्करल्यापासून, अनेक राज्यांत एक नाणें चालविल्यानें रयतेचें व राज्यकर्त्यांचें काय होतें हा वाद पुन्हां उपस्थित झाला आहे. आपल्याकडील लेखक त्याचे दाखले पॅरिस व बर्लिन येथून आणतात. आम्ही ज्या ऊर्जानगरांत राहतों तेथून दक्षिणेस बल्लारपूर ओलांडून वर्धा उतरलें कीं राजुरा लागतो. तेथें हाच प्रश्न पन्नास वर्षांहून अधिक काळ रोजच्या बाजारांत सोडविला जात होता. त्या दाखल्यावर हा ग्रंथ घासून पाहावा, एवढाच आमचा हेतु आहे.

ग्रंथाचीं प्रकरणें सात. पहिल्यांत दुहेरी चलनापासून रौप्य चलनापर्यंतचा इतिहास आहे. दिल्लीची बादशाही सबळ होती तोंवर ठिकठिकाणच्या टांकसाळी एका तौलाचा व एका कसाचा रुपया पाडीत. ती ढिली पडतांच टांकसाळी ज्याच्या त्याच्या हातीं गेल्या, आणि ‘रुपया’ हें नांव एक राहून त्याच्या पोटीं नाना रुपये नांदूं लागले. कंपनीनें हा पसारा पायरीपायरीनें आवरला: मद्रासचा रुपया १८१८ मध्यें, मुंबईचा १८२४ मध्यें, फर्रुखाबादी १८३३ मध्यें एका मापास आणला, आणि १८३५ च्या सतराव्या कायद्यानें १८० ग्रेन वजनाचा व १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया आपल्या सर्व मुलखास लागूं केला. पुढील प्रकरणांत चांदीचा भाव कोसळणें, १८९३ मध्यें टांकसाळी खासगी चांदीस बंद होणें, आणि त्यांतून सुवर्ण-विनिमय पद्धति उद्भवणें, हा भाग येतो. केन्स यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत ज्या पद्धतीची वाखाणणी केली होती, तिचेंच खंडन येथें आहे.

ग्रंथकारांची मांडणी शास्त्रीमंडळींस आवडण्याजोगी आहे. पूर्वपक्ष पुरता मांडावा, त्याचीं प्रमाणें त्याच्याच तोंडून वदवावीं, आणि मग उत्तरपक्ष करावा, ही रीत त्यांनीं शेवटपर्यंत सोडलेली नाही. कोष्टकांची दाटी मात्र फार, आणि ज्यास लंडनच्या हुंड्यांचा व्यवहार ठाऊक नाहीं तो चवथ्या प्रकरणापुढें थकतो. त्यांचे अध्यापक प्रा. एडविन कॅनन यांनीं प्रस्तावनेंतच आपला मतभेद मोकळेपणीं नोंदविला आहे. शिष्याच्या ग्रंथास गुरूनें अशी प्रस्तावना द्यावी व शिष्यानें ती छापावी, हें दोघांसही भूषणावह होय.

ग्रंथाचा गाभा एका कसोटींत आहे. नाण्याची परीक्षा दुसऱ्या देशाच्या नाण्याशीं असलेल्या दरावरून करूं नये, त्या नाण्यास घरीं धान्य किती येतें यावरून करावी, असें ग्रंथकार म्हणतात. रुपयाचा दर उतरला म्हणजे माल परदेशीं धाडणारा व्यापारी खूष होतो. पण त्याचा लाभ आकाशांतून पडत नाही. मालाचे भाव चढतात, मजुरी त्यांच्या मागें रेंगाळते, आणि मजुराच्या ताटांतलें तें व्यापाऱ्याच्या पेटींत जातें. सरकारच्या हातीं नाणें वाढविण्याची मोकळीक ठेवूं नये हा त्यांचा आग्रह ह्याच विचारांतून आला आहे. १९२३ सालींच जर्मनींत मार्क हें नाणें मातीमोल झालें हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या संशयाचें वजन कळतें.

आमचा पहिला आक्षेप पहिल्या प्रकरणाच्या रचनेवर आहे. तें कायद्याच्या पायऱ्यांनीं चालतें, म्हणून १८३५ ला पोंचतांच एकनाणें सिद्ध झालें असें वाचकास वाटतें. कागद तसें सांगत नाहीत. १८३५ सालीं आमचा चांदा प्रांत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें, तोंपर्यंत कंपनीच्या कायद्यास येथें पाय नव्हता. देशावरच्या दप्तरांत अंकुशी व चांदवडी, गुजराथेंत बडोद्याचे बाबाशाही, हे रुपये पुष्कळ वर्षें नांदले. संस्थानी टांकसाळी हा ग्रंथकारांचा विषय नव्हता हें खरें. त्यांस ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाचा न्याय करावयाचा होता. पण एकनाण्याचा खरा स्वभाव तें जेथें पुरतें झालें तेथें दिसत नाही. तो शिवेवर दिसतो.

आमची शीव वर्धा नदी. तिच्या उत्तरेस चांदा जिल्हा, तेथें ब्रिटिश सरकारचा कलदार रुपया; दक्षिणेस निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यांतील राजुरा तालुका, तेथें हाली सिक्का. ‘हाली’ म्हणजे सध्यां चालूं असलेला. निजामशाहींत पूर्वीं नारायणपेठ, गदवाल अशा ठिकाणींही टांकसाळी होत्या व गोविंदबक्षी आदि निरनिराळे रुपये चालत. पहिल्या सालारजंगांच्या कारभारांत हा फाफटपसारा आवरून हैदराबादेच्या टांकसाळीचा हाली रुपया मुख्य झाला. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यावरील दिल्लीच्या बादशहाचें नांव गेलें, आसफजाहाचें आलें, आणि ९२ हा आंकडा आला. अब्जद गणनेनें ‘मुहम्मद’ या नांवाचीं अक्षरें मिळविलीं म्हणजे ९२ होतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्रानें पाडलेले चारमिनारी रुपये निघाले. त्यांवर चारमिनारच्या कमानींत महबूबअलींच्या वेळीं ‘मीम’ व उस्मानअलींच्या वेळीं ‘ऐन’ हें अक्षर आहे. ब्रिटिश राजाचा मुखवटा ह्या नाण्यावर कधींच आला नाही. फौज तैनाती, परराष्ट्र-व्यवहार रेसिडेंटाच्या हातीं, आणि रुपयावर मात्र स्वतःचें चिन्ह, अशी ती सत्ता होती.

त्या वेळच्या दुसऱ्या संस्थानांची वाट निराळी. १८७६ च्या देशी नाण्यांच्या कायद्यानें संस्थानिकांनीं आपलीं नाणीं सरकारी टांकसाळींत पाडून घ्यावीं व तीं ब्रिटिश मुलखांतही चालावीं अशी सोय केली. धार व देवास येथील पवारांनीं ती पत्करली. त्यांच्या १८८७-८८ च्या तांब्याच्या नाण्यांवर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आहे. व्यवहाराची सोय झाली, मोल मुखवट्यानें दिलें.

हाली व कलदार यांचा दर पूर्वीं स्थिर नसे. पुढें तो सात हाली बरोबर सहा कलदार असा बसला. सरकारी हिशेबाच्या भाषेंत शंभर कलदारांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. आतां चांदी मोजूं. कलदार रुपया ११.६६ ग्रॅम, त्यांत बारांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारें १०.६९ ग्रॅम. महायुद्धापूर्वींचा चारमिनारी रुपया ११.१८ ग्रॅम, त्यांत हजारीं ८१८ भाग चांदी, म्हणजे सुमारें ९.१४ ग्रॅम. भागाकार केला तर एक रुपया कलदार बरोबर १.१६९ हाली, सातास सहा ह्या प्रमाणानें १.१६७. हजारीं दोन भागांचा फरक! दर चांदीवर बसला होता, असें कोणीही म्हणेल. पण दुसऱ्या महायुद्धांत दोन्हीकडील चांदी उतरली, १९४७ पासून कलदार तर निकेलचा झाला, आणि सातास सहा हें प्रमाण तरीही हललें नाही. पाणिनीनें ‘रूप्य’ शब्द सिद्ध करतांना त्यास ज्यावर रूप ठोकलें आहे तें, आहत, असा अर्थ दिला आहे. धातूचें नांव घेतलें नाही. वैयाकरणाचें म्हणणें वर्धेच्या कांठीं खरें ठरलें.

येथें संग्राहकांनीं थोडें थांबावें, कारण चूक येथेंच होते. छापील कागदपत्रांच्या संग्रहांत मूळ दस्तांतील ‘रुपये सिक्के हाली’ किंवा ‘रुपये कलदार’ याच्या जागीं संपादक जागा वांचविण्यासाठीं नुसतें ‘रु.’ घालतात. त्या एका अक्षरानें साती एकाचा, म्हणजे सुमारें सवाचौदा टक्क्यांचा, हिशेब बुडतो. राजुऱ्याच्या कुळानें सातशें रुपये कर्ज काढलें आणि बल्लारपूरच्या कुळानें सहाशें काढलें, अशीं दोन खतें कल्पनेनें समोर ठेवा. नुसतें ‘रु.’ वाचणारा म्हणेल कीं दक्षिण कांठचा शेतकरी अधिक कर्जबाजारी. कर्ज दोघांचें एकच आहे! मजुरीचे, बैलांच्या किमतीचे, सागवानाच्या ठेक्याचे आंकडे घेऊन दोन कांठांची तुलना करणारे निबंध आम्हीं वाचले आहेत. त्यांत सिक्क्याचा उल्लेखही नसतो. हें पाप अर्थशास्त्र्यांचें नव्हे, आम्हां कागदवाल्यांचें आहे.

सिक्क्याचें नांव मुळांतच नसेल तर दस्त दुसऱ्या खुणांनीं बोलतो. कालगणना फसली असेल, मुद्रांक निजाम सरकारचा असेल, जकातीस ‘करोडगिरी’ म्हटलें असेल, तर रक्कम हाली समजून चालावें. त्या मुलखांतील फसली सनांत महिन्याप्रमाणें ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सिरोंच्याकडील कागदांस आणखी एक सावधगिरी हवी. गोदावरीच्या डाव्या तीरावरील तो मुलूख निजामानें १८६० मध्यें इंग्रजांस दिला व १८७४ मध्यें तो चांदा जिल्ह्यास जोडला गेला; तेव्हां १८६० पूर्वींच्या तेथील रकमेस चांद्याचा कागद म्हणून कलदार समजणें ही शुद्ध भ्रांति होय.

आतां एकीकरणाकडे येऊं. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्याच्या ताब्यांत आलें. १९५० मध्यें हिंदी रुपया तेथें हालीच्या जोडीनें कायदेशीर झाला, प्रमाण तेंच सातास सहा. १९५१ पासून नवा हाली निघणें बंद झालें, आणि १९५९ मध्यें तो चलनांतून पुरता रद्द झाला. मोठ्या रकमांस ह्यांत कांहीं इजा पोंचली नाही. सातशें हाली देऊन सहाशें घेतले, संपलें. इजा खुर्द्यास पोंचली. हाली आणा म्हणजे कलदार सवादहा पैंहून किंचित् अधिक. निजामाचें तांब्याचें दोन पैचें नाणें म्हणजे कलदार पावणेदोन पैंहून किंचित् कमी. १९५० च्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांत सर्वांत लहान नाणें एक पैसा, म्हणजे तीन पै, हाली हिशेबानें साडेतीन पै. ज्या बाईस दोन पैंचें मीठ हवें तिनें साडेतीन पैंचें घ्यावें, किंवा दुकानदाराच्या मनांतील हिशेब मानावा. हा हिशेब नेहमीं गल्ल्याकडे झुकतो, हें सांगण्यास कोष्टक नको. जो व्यापारी एक आणा हालीचा माल एक आणा कलदारास विकूं लागला, त्यानें भाव साही एकानें चढविला, आणि आंकडा तोच राहिल्यामुळें गिऱ्हाइकास तें उशीरा उमगलें.

हा घोळ निस्तरतो न निस्तरतो तों १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. त्याच सुमारास राजुरा तालुका १९५६ मध्यें हैदराबाद राज्य मोडल्यावर मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यांत गेला, १९५९ मध्यें चांदा जिल्ह्यांत आला, आणि १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. तिथला दुकानदार न हलतां दहा वर्षांत तीन राज्यांचा रहिवासी झाला व तीन हिशेब शिकला.

युरोपांत १ जानेवारी १९९९ रोजीं अकरा राष्ट्रांनीं हिशेबांत व १ जानेवारी २००२ रोजीं बारा राष्ट्रांनीं प्रत्यक्ष नाण्यानोटांत युरो आणला. जर्मनांच्या मार्काचा दर एका युरोस १.९५५८३ व ग्रीकांच्या द्राख्मेचा ३४०.७५० असा कायमचा ठरला. सात-सहाची अडचण तेथें पांच दशांशांनीं वाढली, एवढेंच. जर्मन लोकांनीं ‘महाग’ या अर्थाचा आपला शब्द युरोशीं जोडून ‘टॉयरो’ असें टोपणनांव पाडलें. सरकारी भावनिर्देशांक पाहिला तर त्या बदलानें एकंदर महागाई एका टक्क्याच्या कांहीं दशांशांइतकीच वाढली. पण कॉफीचा पेला, केशकर्तन, अशा फुटकळ व रोजच्या खर्चांत चढ स्पष्ट होता. विद्वानांनीं लोकांचा तो भ्रम ठरविला. आमच्या मतें निर्देशांक आणि लोक दोघेही खरें बोलत होते. निर्देशांक थैली मोजतो, लोक खुर्दा मोजतात. फिनलंडनें तर एक व दोन सेंटांचीं नाणीं वापरांतच न आणतां पहिल्यापासून पांचांवर बेरीज नेण्याचा नियम केला. राजुऱ्याच्या दुकानदारास हा नियम मनापासून पटला असता.

परंतु युरोचा मोठा प्रश्न खुर्द्याचा नव्हे. रॉबर्ट मंडेल यांनीं १९६१ मध्यें असा विचार मांडला कीं, एका नाण्याचा प्रदेश राज्याच्या सीमांवरून ठरवूं नये; जेथें मजूर व भांडवल सहज इकडून तिकडे जातें तेवढा प्रदेश एका नाण्यास योग्य. ह्या न्यायानें वर्धेचे दोन्ही कांठ दोन नाणीं असतांना एकच प्रदेश होते. मराठी, तेलुगू व गोंडी दोहोंकडे, सोयरीक दोहोंकडे, बल्लारपूरची कोळशाची खाण मजुरीस जवळ, आणि १९२९ पासून काझीपेठची आगगाडी बल्लारशास येऊन मिळालेली. युरोची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथें नाणें एक, पण अथेन्सचा बेकार मनुष्य बर्लिनला जाऊन जर्मन भाषेंत पोट भरूं शकेलच असें नाही.

२०१० मध्यें ग्रीस कर्जांत बुडाला. त्याच्या हातीं स्वतःचें नाणें असतें तर त्यानें त्याचा दर उतरविला असता; तें नव्हतें. इतर युरो-राष्ट्रांनीं व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें त्यास ११० अब्ज युरोंचें पहिलें कर्ज दिलें, पण पगार, निवृत्तिवेतनें व सरकारी खर्च छाटण्याच्या अटीवर. २०१३ मध्यें तेथें काम मागणाऱ्या शंभरांत सत्तावीसांहून अधिक लोक बेकार होते. २०१५ च्या उन्हाळ्यांत पेढ्या तीन आठवडे बंद राहिल्या व खातेदारास दिवसास साठ युरो काढण्याची मुभा उरली. ह्या सर्व काळांत युरो मात्र खणखणीत होता. त्याची खरेदीची शक्ति ढळली नाही.

येथें आमचा दुसरा व मुख्य आक्षेप येतो. नाण्याची घरची किंमत स्थिर असावी ही डॉ. आंबेडकरांची कसोटी युरोनें उत्तम पार केली. टांकसाळ सरकारच्या हातीं नसावी हा त्यांचा आग्रहही तेथें पुरविला गेला. युरोपच्या मध्यवर्ती पेढीस कोणत्याही सरकारास थेट उसनें देण्याची मनाई आहे, आणि ह्या मनाईच्या मुळाशीं १९२३ च्या मार्काची दहशत आहे. तरीही ग्रीक मजूर उघड्यावर पडला. तेव्हां ही कसोटी खोटी नसली तरी अपुरी आहे. नाणें धड आहे काय, एवढें ती विचारते; नाण्यामागें कोणाची तिजोरी उभी आहे, हें ती विचारीत नाही. एका राज्याच्या आंत हा प्रश्न उद्भवत नाही, आणि ग्रंथकारांस एका राज्याचाच विचार करावयाचा होता. अनेक राज्यांत एक नाणें जातें तेव्हां तो पहिला होतो.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती ग्रंथकारांच्याच बाजूची आहे. ग्रीसनें द्राख्मा ठेवला असता तर दर उतरवून तो सुखानें सुटला असता, असें पुष्कळ जण सहज लिहितात. त्यांनीं ह्या ग्रंथांतील विनिमयदराचें विवेचन वाचावें. दर उतरला असता तर भाव चढले असते व मजुराचा पगार आंकड्यानें तोच राहून धान्यानें घटला असता. कपात दोन्ही वाटांनीं होतीच. एका वाटेनें ती हुकमानें उघड होते, दुसरीनें भावांत लपून होते. भेद असा कीं, लपलेली कपात सर्वांवर थोडी थोडी बसते आणि उघड कपातींत चौथा भाग लोक कामच गमावतात. हें दुसरें अधिक वाईट, असें आमचें मत आहे. ग्रंथकार तें मान्य करते काय, ह्याविषयीं वाद होऊं शकेल.

हैदराबादचें एकीकरण निभावलें तें नाण्यामागोमाग तिजोरीही एक झाली म्हणून. संस्थानांच्या आर्थिक विलीनीकरणाचा विचार व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीनें केला होता. संस्थानाची करोडगिरी गेली, रेल्वे व डाक गेली, नाणें पाडण्याचा नफा गेला. उलट लष्कराचा खर्च केंद्राकडे गेला व उत्पन्नाच्या तुटीची भरपाई केंद्रानें पत्करली. राजुऱ्यास दुष्काळ पडला तर त्याचा भार दिल्लीवरही पडूं लागला. ग्रीसच्या मागें अशी तिजोरी नव्हती, सावकार होते.

तहानें झालेल्या एकनाण्याचें उदाहरणही मराठी मुलखाजवळच आहे, आणि तें युरोप्रमाणेंच दोन सरकारांच्या करारांतून निघालें. १८७८ च्या तहानें, जो १८८० पासून अमलांत आला, ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज गोवा यांच्यांत जकातीची एकी झाली, गोव्याचा जुना शेराफीं गेला, आणि १८८१ पासून कलदाराच्याच तौलाकसाचा, पण पोर्तुगालच्या राजाच्या मुखवट्याचा ‘रूपिया’ कलकत्त्याच्या टांकसाळींत पडूं लागला. मोबदल्यांत गोव्यानें आपलें मीठ इंग्रजांच्या देखरेखीखालीं दिलें व त्याबद्दल वर्षास चार लाख रुपये घेतले. सरकारास चार लाख मिळाले. मिठागरवाल्यांचा धंदा बसला. १८९२ मध्यें तहाची मुदत भरली, पुन्हां तह झाला नाही. पण रूपियाचें तौल तेंच राहिलें. १९०३-०४ चे रूपियेही कलदाराच्या बरोबरीचेच आहेत. तह मेला तरी बाजारानें नाणें एक ठेवलें. १९५९ मध्यें लिस्बननें एका रूपियास सहा एस्कुदो असा दर करून हा धागा तोडला, तो फार तर तीन वर्षांपुरता.

एकनाण्याचा सर्वांत कठोर अनुभव मात्र भोसल्यांच्याच जुन्या मुलखास आला. कटक प्रांत १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकरांकडून कंपनीकडे गेला. तेथें रयतेचें नाणें कवडी होतें: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचें काहण, चार काहणांचा रुपया, म्हणजे रुपयास ५१२० कवड्या. कंपनीनें सारा चांदीच्या रुपयांत मागितला. सारा भरण्याच्या दिवसांत सर्वांस एकदम रुपये हवेत, म्हणून रुपया चढे व कवडी पडे. सरकारी दर कागदावर राही, आणि रयतेस बाजारांत अधिक कवड्या मोजाव्या लागत. १८१७ च्या पाइकांच्या बंडाच्या कारणांत जमिनी जाणें व मिठाची महागाई यांच्याबरोबर कवडीची ही घसरणही मोजली जाते. कौटिल्यानें रूपदर्शकाचें काम सांगतांना व्यवहारांत चालणारें नाणें व कोशांत घेतलें जाणारें नाणें असा भेद करून दोहोंची व्यवस्था त्याच्याकडेच दिली आहे. कटकास कंपनीनें कोशाचें नाणें बदललें आणि व्यवहाराचें रयतेवर सोडून दिलें. हैदराबादेस नऊ वर्षें दोन्ही नाणीं जोडीनें चालूं दिलीं, ह्यास कोणी ढिलाई म्हणोत. आम्हांस तें शहाणपण वाटतें.

असो. ग्रंथ संग्राहकांनीं वाचावा, पहिलें प्रकरण तर दोनदां वाचावें. त्याची १९४७ ची मुंबईची आवृत्ति निराळ्या नांवानें, हिंदी चलन व पेढ्यांच्या इतिहासाचा पहिला भाग म्हणून, निघाली आहे. दोन ग्रंथ समजून दोन्ही विकत घेणारे आम्हांस भेटले आहेत.

शेवटीं एक विनंती. राजुरा, किनवट व आदिलाबाद येथील पेढीवाल्यांच्या १९५० ते १९५९ ह्या वर्षांच्या वह्या कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्या रद्दींत घालूं नयेत. आपणांकडे मोडी जुनी म्हणून जपली जाते व विसाव्या शतकाची वही नवी म्हणून वाण्यास जाते. ज्या पानांवर एकाच खात्यांत हाली, कलदार व नवे पैसे खालोखाल मांडले असतील, त्या पानांवर बेरीज कोणत्या बाजूस नेली आहे हें पाहिलें म्हणजे सातास सहा हें प्रमाण बाजारानें कितपत पाळलें याचा निवाडा होईल. अशीं पानें छापतांना रकमेपुढील सिक्क्याचें नांव, तें कितीही वेळां आलें तरी, गाळूं नये.